परिपूर्ण म्हणजे असलाच पाहिजे? ॲन्सेल्म, व्यासभाष्य आणि कुमारिलांची उडी

चौथी_ओसरी (धागाकर्ता)

ईश्वर आहे हे सिद्ध करणारे बहुतेक युक्तिवाद जगापासून सुरू होतात. घट आहे म्हणजे कुंभार असणार, सृष्टीत रचना दिसते म्हणजे रचणारा असणार. मला इथे बोलायचं आहे ते वेगळ्या घराण्याच्या युक्तिवादांबद्दल. त्यांना सृष्टीतल्या रचनेशी देणंघेणं नाही. त्यांचं म्हणणं असं की 'परिपूर्ण' म्हणजे काय याचा शेवटपर्यंत विचार करा, मग 'परिपूर्ण असं काही नाही' हे वाक्य तुम्हाला उच्चारताच येणार नाही.

या घराण्याचा युरोपातला मूळ पुरुष ॲन्सेल्म. जन्म १०३३, आल्प्सच्या कुशीतल्या ऑस्टा गावी. पुढे नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठात साधू झाला आणि उतारवयात कँटरबरीचा आर्चबिशप. त्याचा शिष्य इडमर याने लिहिलेल्या चरित्रात एक हकीकत आहे. दुसऱ्या कशाचाही आधार लागणार नाही असा एकच युक्तिवाद सापडावा, या ध्यासाने ॲन्सेल्मची तहानभूक आणि झोप उडाली, उपासनेत लक्ष लागेना. हा सैतानाचा मोह असावा असंही त्याला वाटू लागलं. मग एका रात्री प्रार्थना चालू असताना तो युक्तिवाद लख्ख दिसला. मेणाच्या पाट्यांवर उतरवून ठेवला तर त्या पाट्या हरवल्या, पुन्हा लिहिल्या तर फुटलेल्या सापडल्या. शेवटी चर्मपत्रावर लिहून घेतलं. साल साधारण १०७७-७८.

युक्तिवाद असा. ईश्वर म्हणजे ज्याच्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही असं. बायबलच्या स्तोत्रात एक मूर्ख आहे, तो मनातल्या मनात म्हणतो की देव नाही. पण 'ज्याच्याहून मोठं काही कल्पिता येत नाही' हे शब्द त्यालाही कळतात, म्हणजे ती कल्पना निदान त्याच्या मनात आहे. आता ते जर फक्त मनातच असेल, तर तेच प्रत्यक्षातही आहे अशी कल्पना करता येते आणि हे दुसरं पहिल्याहून मोठं ठरतं. म्हणजे ज्याच्याहून मोठं कल्पिता येत नाही त्याच्याहून मोठं कल्पिता आलं! विसंगती झाली. तेव्हा ते प्रत्यक्षात असलंच पाहिजे.

याला पहिला आक्षेप आला तोही एका साधूचाच. मार्मूतिए मठातल्या गॉनिलोने त्या मूर्खाची बाजू घेऊन लिहिलं की याच चालीने मी समुद्रात हरवलेलं सर्वोत्तम बेटही सिद्ध करून दाखवतो. ॲन्सेल्मने स्वतःच्या ग्रंथाला हा आक्षेप आणि आपलं उत्तर, दोन्ही जोडायला सांगितलं. वादाची ही रीत मला फार मोलाची वाटते.

पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये तोच धागा उचलला : त्रिकोणाच्या कल्पनेतून जसं तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असणं वेगळं काढता येत नाही, तसं परिपूर्णाच्या कल्पनेतून अस्तित्व वेगळं काढता येत नाही. १७८१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने त्यावर घाव घातला. शंभर थेलर (तेव्हाची चांदीची नाणी) खरे असोत की मनातले, 'शंभर थेलर' या कल्पनेत फरक पडत नाही, अस्तित्व हा वस्तूचा गुणच नव्हे. बहुतेक पुस्तकं इथे प्रकरण मिटवतात.

माझं मत वेगळं आहे. कांटचा घाव वर्मी बसत नाही. खरं वर्म जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सने दाखवलं आणि आपल्याकडे ते त्याच्या हजारएक वर्षं आधी वेदप्रामाण्य मानणाऱ्या मीमांसा दर्शनाचे कुमारिल भट्ट यांनी दाखवलं होतं.

लाइब्निट्सचं म्हणणं असं की देकार्तची वाट बरोबर आहे पण पहिली पायरीच राहून गेली आहे. परिपूर्ण असं काही *शक्य तरी* आहे का, हे आधी दाखवा. शब्द कळतात म्हणून वस्तू शक्य होत नाही. त्याचं उदाहरण : सर्वांत वेगवान गतीने फिरणारं चाक. शब्द कळले ना? आता चाकाचा एक आरा धावेबाहेर, म्हणजे चाकाच्या कडेबाहेर, लांबवा. त्या टोकावरचा बिंदू धावेवरच्या बिंदूपेक्षा अधिक वेगाने फिरेल. म्हणजे 'सर्वांत वेगवान गती' हे शब्द कळतात, पण त्यात पोटातच विरोध आहे. 'सर्वांत परिपूर्ण' हे असंच नसेल कशावरून? लाइब्निट्सने त्याचं उत्तर रचलं होतं. पूर्णत्वाचे गुण हे निखळ होकारात्मक आणि निरवयव असतात, एकात दुसऱ्याचा नकार नसतो, म्हणून ते एकत्र नांदू शकतात. १६७६ मध्ये हेग शहरी जाऊन त्याने हे तत्त्वज्ञ स्पिनोझाला दाखवलंही.

आता आपल्याकडचं. योगसूत्र १.२५ : तत्र निरतिशयं सर्वज्ञबीजम्। (तिथे, म्हणजे ईश्वरात, सर्वज्ञतेचं बीज पराकाष्ठेला पोचलेलं आहे.) त्यावर व्यासभाष्य म्हणतं की ज्ञान कुणात थोडं, कुणात अधिक असं दिसतं. ज्याला तरतमभाव, म्हणजे कमी-अधिकपणा, आहे त्याला पराकाष्ठा असते, परिमाणाप्रमाणे (आकारमानाप्रमाणे). परमाणूपासून मोठं मोठं होत आकाशापाशी परिमाण संपतं. तसं ज्ञान वाढत वाढत जिथे निरतिशय होतं, तो सर्वज्ञ.

आणि याच्यासमोर कुमारिलांचा श्लोक, बौद्ध आचार्य शांतरक्षितांच्या तत्त्वसंग्रहात पूर्वपक्ष (खोडण्यासाठी मांडलेलं प्रतिपक्षाचं म्हणणं) म्हणून आलेला :

दशहस्तान्तरं व्योम्नि यो नामोत्प्लुत्य गच्छति।
न योजनमसौ गन्तुं शक्तोऽभ्यासशतैरपि॥

दहा हात उडी मारणारा शंभर वेळा सराव करूनही योजनभर उडी मारणार नाही. वाढ दिसते यावरून टोकाची अमर्याद अवस्था सिद्ध होत नाही.

चाक आणि उडी, दोन्हींचा प्रश्न एकच : शिखर आहे का, की नुसताच चढ? माझ्या मते पूर्णतेवरून ईश्वर सिद्ध करणारा प्रत्येक युक्तिवाद याच एका प्रश्नावर उभा राहतो किंवा पडतो. जाणकारांनी लिहावं.

---

नवी_वाचक

खूप छान समजावलंत. पण बेटाच्या आक्षेपाला ॲन्सेल्मने उत्तर काय दिलं ते राहिलं.

---

चौथी_ओसरी

त्याचं उत्तर थोडक्यात असं की हे फक्त त्या एकाच कल्पनेला लागू होतं, बेट कितीही उत्तम असलं तरी ते नसण्याची कल्पना करता येते. विसाव्या शतकात प्लांटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने यात महत्त्वाची भर घातली. बेटाच्या चांगुलपणाला कमाल मर्यादाच नाही, कितीही सुंदर बेट घ्या, आणखी एक माड लावता येतो. ज्ञानाला किंवा सामर्थ्याला मात्र कमाल आहे, सगळं जाणलं की त्यापुढे जाणायला काही उरत नाही. बघा, पुन्हा शिखराचाच प्रश्न आला.

---

शंकेखोर

धागा आवडला, पण कांटला इतक्या झटपट बाजूला सारू नका. त्याचा मुद्दा फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये अधिक काटेकोर केला आहे. 'वाघ आहेत' हे वाक्य वाघांबद्दल नाही, ते 'वाघ' या संकल्पनेबद्दल आहे : या संकल्पनेत बसणाऱ्या वस्तूंची संख्या शून्य नाही, एवढंच ते सांगतं. पट्टे असणं हा वाघाचा गुण. 'असणं' हा वाघाचा गुण नव्हे. मग 'ईश्वर ज्ञानी आहे, समर्थ आहे, दयाळू आहे आणि शिवाय *आहे*' या यादीतली शेवटची नोंद चुकीच्या रकान्यात पडली आहे. एकदा हे मान्य केलं की शिखर शक्य असो वा नसो, युक्तिवाद तिथेच थांबतो. गासेंदीने देकार्तला त्याच्या हयातीतच सांगितलं होतं : अस्तित्व ही पूर्णता नव्हे, ज्याच्यावाचून कुठलीच पूर्णता नसते ते अस्तित्व.

---

चौथी_ओसरी

शंकेखोर, फ्रेगेचा मुद्दा ॲन्सेल्मच्या त्या ग्रंथातल्या दुसऱ्या प्रकरणाला, म्हणजे वर दिलेल्या युक्तिवादाला लागतो, तिथे मी तुमच्याशी सहमत आहे. पण तिसरं प्रकरण वाचा. तिथे तो नुसतं 'असणं' म्हणत नाही, 'नसण्याची कल्पनाही करता न येणं' म्हणतो. नॉर्मन माल्कमने १९६० मध्ये हे दोन युक्तिवाद वेगळे काढून दाखवले. मी आहे, पण नसतो तरी चाललं असतं. माझं असणं कशावर तरी टेकलेलं आहे. जे कशावरच टेकलेलं नाही, ज्याचं नसणं अशक्य आहे, त्याचं असण्याचं स्वरूपच वेगळं. हा फरक वस्तूच्या स्वभावातला आहे, त्याला 'चुकीचा रकाना' म्हणता येत नाही. शंभर थेलरचं उदाहरण इथे लागत नाही, कारण थेलर नेहमीच असू किंवा नसू शकतात.

आणि असं अनिवार्य असणं *शक्य* असेल, तर ते *आहेच*. कारण जे अनिवार्य आहे ते एका शक्यतेत असेल तर सगळ्याच शक्यतांत असतं. म्हणून सगळा भार पुन्हा 'शक्य आहे का' यावर येतो.

---

मीमांसा_पुणे

तत्त्वसंग्रहातला श्लोक दिलात, पण शांतरक्षितांनी त्याला दिलेलं उत्तर राहिलं, आणि सगळी गंमत त्या उत्तरात आहे.

आधी पार्श्वभूमी. मीमांसक ईश्वर मानत नाहीत आणि सर्वज्ञ पुरुषही मानत नाहीत. वेद अपौरुषेय, धर्म कळतो तो वेदावरूनच. कुणी माणूस सराव करून सर्वज्ञ होऊ शकतो असं मानलं तर त्याचं वचन वेदाच्या बरोबरीला येऊन बसेल. कुमारिलांची उडी आहे ती बुद्धाच्या आणि जिनाच्या सर्वज्ञतेविरुद्ध.

बौद्धांकडे याचं उत्तर धर्मकीर्तींपासून तयार होतं, शांतरक्षितांचं उत्तर त्याच वाटेने जातं. प्रमाणवार्तिकात ते स्वतःच आक्षेप मांडतात : उडी आणि पाणी तापवणं यांना जशी मर्यादा, तशी करुणेच्या वाढीलाही असेल ना? उत्तर असं. उडीत प्रत्येक वेळी नव्याने तेवढाच जोर लावावा लागतो, कालची उडी आजच्या उडीत साठून राहत नाही. पाणी तापवत गेलं तर आटून जातं, म्हणजे आधारच टिकत नाही. करुणा आणि प्रज्ञा तशा नाहीत. एकदा रुजल्या की त्या चित्ताचा स्वभाव होतात आणि पुढचा अभ्यास तिथून सुरू होतो. म्हणून त्यांची वाढ सीमेपर्यंत जाऊ शकते.

म्हणजे 'तरतमभाव आहे म्हणून पराकाष्ठा आहे' हे सरसकट खरंही नाही आणि सरसकट खोटंही नाही. *कोणत्या* गुणाबद्दल बोलतो आहोत यावर ते ठरतं. धागाकर्त्यांनी लाइब्निट्स आणि कुमारिल शेजारी बसवले ते मला पटलं, पण तिसरी खुर्ची धर्मकीर्तींची आहे.

आणखी एक. जैन आचार्य हेमचंद्रांनी प्रमाणमीमांसेत नेमका हाच युक्तिवाद वापरला आहे : प्रज्ञेच्या तरतमभावाला कुठेतरी विश्रांती असली पाहिजे, तेच केवलज्ञान, म्हणजे जैनांची सर्वज्ञता. जैनांना जगत्कर्ता ईश्वर मान्य नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे व्यासभाष्याचा युक्तिवाद जसाच्या तसा घेऊन एक परंपरा ईश्वरापाशी पोचते, दुसरी तीर्थंकरापाशी. युक्तिवाद 'सर्वज्ञ' देतो. 'ईश्वर' हा शब्द आपण आपल्या घरून आणतो.

---

चौथी_ओसरी

हा प्रतिसाद म्हणजे धाग्याची कमाई आहे. धर्मकीर्तींची कसोटी घेऊन लाइब्निट्सकडे परत गेलं तर चाकाची गती उडीच्या गटात पडते, कारण ती परिमाणात मोजायची गोष्ट आहे. ज्ञान तसं आहे का, हा पुढचा प्रश्न.

---

गणितवेडा

त्या पुढच्या प्रश्नावर लिहितो.

व्यासभाष्यातला दृष्टान्त 'परिमाणवत्' आहे, आणि दृष्टान्तच आज अडचणीत आहे. कॅन्टरने १८९१ मध्ये सिद्ध केलं की कोणताही संच घ्या, त्याच्या सर्व उपसंचांचा संच त्याहून मोठाच असतो. अनंत संचालाही हे लागू. म्हणजे अनंताच्याही वर अनंत, आणि या जिन्याला वरची पायरी नाही. परमाणूपासून आकाशापर्यंत परिमाण वाढत जातं आणि तिथे संपतं, हे वैशेषिकांच्या (परमाणुवादी दर्शनाच्या) जगात खरं होतं. संचांच्या जगात परिमाणाला पराकाष्ठा नाही.

हाच मुद्दा पॅट्रिक ग्रिम या तत्त्वज्ञाने थेट सर्वज्ञतेवर लावला. समजा सर्व सत्यांचा एक संच आहे. त्याच्या प्रत्येक उपसंचाबद्दल निदान एक वेगळं सत्य आहे, उदाहरणार्थ अमुक एक सत्य त्या उपसंचात आहे की नाही. उपसंच मूळ संचापेक्षा अधिक. म्हणजे सत्यं 'सर्व सत्यां'पेक्षा अधिक झाली. तेव्हा 'सर्व सत्यांचा संच' असं काही नसतंच. मग 'सगळं जाणलं की पुढे काही उरत नाही' हे प्लांटिंगाचं म्हणणं इतकं सोपं राहत नाही.

मात्र यावरून सर्वज्ञता गेली असं मी म्हणणार नाही. सर्व सत्यं एका संचात मावत नाहीत एवढंच यातून निघतं. जाणणारा त्यांना संच करूनच जाणत असेल हे कुणी ठरवलं? खुद्द कॅन्टर श्रद्धाळू होता. संचात न मावणाऱ्या त्या शिखराला तो 'निरपेक्ष अनंत' म्हणे आणि त्याचं नातं ईश्वराशी जोडत असे. त्याच्या लेखी जिन्याला वरची पायरी नसणं हीच ईश्वराची खूण होती. ॲन्सेल्मही पंधराव्या प्रकरणात म्हणतो की तू नुसता ज्याच्याहून मोठं कल्पिता येत नाही असा नाहीस, तू कल्पनेत मावतोस त्याहूनही मोठा आहेस. मला ही दोन वाक्यं एकमेकांजवळची वाटतात.

---

टर्मिनल

गडेलचा उल्लेख अजून कसा आला नाही?

तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गडेलने लाइब्निट्सची राहिलेली पायरी मोडल लॉजिकमध्ये (शक्य आणि अनिवार्य यांच्या तर्कशास्त्रात) बांधायचा प्रयत्न केला. १९४०च्या दशकापासून त्याच्या टिपणांत हे काम आहे, शेवटची मांडणी फेब्रुवारी १९७० ची. 'होकारात्मक गुण' ही मूळ कल्पना धरून काही गृहीतकं, त्यातून सर्व होकारात्मक गुण असलेलं काही शक्य आहे, आणि त्यातून ते अनिवार्यपणे आहे. त्याने हे डेना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञाला दाखवलं, पण छापलं नाही. आपण देवावर विश्वास ठेवतो असं लोकांना वाटेल ही त्याला काळजी होती, त्याच्या म्हणण्यानुसार ही फक्त तर्कशास्त्रीय तपासणी होती. १९७८ मध्ये तो गेला, छापील रूपात हे नंतर आलं.

माझ्या क्षेत्राशी संबंधित भाग असा : २०१३ मध्ये बेंट्समुलर आणि वोल्टसेनलोगेल पालेओ या दोघांनी हे प्रूफ कॉम्प्युटरवर तपासलं. स्कॉटने उतरवलेली आवृत्ती बरोबर निघाली, म्हणजे गृहीतकं मान्य केली तर निष्कर्ष येतोच. पण गडेलच्या स्वतःच्या हस्तलिखितातल्या आवृत्तीत प्रोग्रॅमला विसंगती सापडली. 'सत्त्व', म्हणजे वस्तूचा मूळ स्वभाव, या कल्पनेच्या व्याख्येत 'तो गुण त्या वस्तूत आहे' एवढी अट लिहायची राहिली होती. त्यामुळे कुणातच नसलेला गुणही प्रत्येकाचं सत्त्व ठरतो आणि सगळं कोसळतं. स्कॉटच्या प्रतीत ती अट आहे.

त्याहून गंभीर दोष सोबेलने १९८७ मध्ये दाखवला. ही गृहीतकं मानली तर जे जे खरं आहे ते सगळंच अनिवार्य ठरतं. मी आज चहा प्यायलो हेसुद्धा अटळ. अँडरसनने १९९० मध्ये गृहीतकं बदलून यातून वाट काढली. माझं मत : इतक्या काटेकोर मांडणीतसुद्धा 'होकारात्मक' गुण म्हणजे नक्की कोणते हे बाहेरूनच आणावं लागतं. लॉजिक ते देत नाही.

---

शंकेखोर

टर्मिनलनी शेवटी लिहिलं त्यालाच जोडून. 'शक्य असेल तर आहेच' ही पायरी मी मान्य करतो. पण ती दुधारी आहे. परिपूर्ण ईश्वर नसणं हेही मला शक्य वाटतं. आणि नसणं एका शक्यतेत जरी खरं असलं, तर अनिवार्य असणं अशक्य होतं, म्हणजे तो कुठेच नाही. दोन्ही बाजूंची पहिली पायरी सारखीच निरुपद्रवी दिसते आणि निष्कर्ष टोकाचे. मग कोणती 'शक्यता' खरी हे कोण ठरवणार? फिंडलेने १९४८ मध्ये याच साच्यातून ईश्वर नसल्याचा युक्तिवाद रचला होता.

---

चौथी_ओसरी

हे प्लांटिंगाने स्वतःच मान्य केलं आहे. १९७४ मध्ये युक्तिवाद मांडून झाल्यावर तो म्हणतो की याने ईश्वर सिद्ध होत नाही, पण ईश्वर मानणं विवेकाला धरून आहे एवढं दिसतं. मला हे प्रामाणिक वाटतं. तरी दोन्ही शक्यता समसमान आहेत हे मात्र मी मानत नाही. चाकाच्या बाबतीत विरोध बोट ठेवून दाखवता आला. परिपूर्णाच्या बाबतीत नऊशे वर्षांत तसा विरोध कुणी निर्विवाद दाखवलेला नाही. गणितवेडा यांनी दिलेला ग्रिमचा प्रयत्न सगळ्यांत जवळ जातो, आणि तोही संचापाशी अडतो.

---

इंद्रायणीकाठ

सगळं वाचलं. मी तर्कशास्त्राची विद्यार्थिनी नाही, कीर्तन ऐकत वाढले. एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसलं नाही. गणितवेडा यांनी पंधराव्या प्रकरणातलं वाक्य दिलं आहे, त्यात 'तू' आहे. म्हणून मी इंग्रजी भाषांतर काढून पाहिलं. सगळा युक्तिवाद देवाला उद्देशून लिहिलेला आहे! सुरुवातीला तो म्हणतो, मी समजण्यासाठी श्रद्धा ठेवतो. म्हणजे हे नास्तिकाला हरवायला रचलेलं नाही. ज्याच्यावर प्रेम आहे तो बुद्धीलाही कळावा म्हणून केलेली विनवणी आहे. आमच्याकडे अभंगात देवाशी भांडणंही 'तू' म्हणूनच होतात, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही.

---

मीमांसा_पुणे

ताई, तुमच्या मुद्द्याला आपल्याकडे भक्कम आधार आहे. मिथिलेचे उदयनाचार्य ॲन्सेल्मच्या थोडे आधीचे. त्यांची न्यायकुसुमांजली म्हणजे ईश्वरसिद्धीचा सगळ्यांत कसलेला ग्रंथ. त्याच्या सुरुवातीला ते म्हणतात :

न्यायचर्चेयमीशस्य मननव्यपदेशभाक्।
उपासनैव क्रियते श्रवणानन्तरागता॥

ईश्वराची ही न्यायचर्चा म्हणजे मनन, श्रवणानंतर येणारी उपासनाच इथे केली जात आहे. तर्क हीच पूजा. ग्रंथाचं नावही ओंजळभर फुलांचं. मात्र उदयनांचे युक्तिवाद मुख्यतः कार्यावरून कारणाकडे जाणारे आहेत, पूर्णतेवरून नाहीत. 'आधी ऐकलं, मग विचार केला' हा क्रम मात्र दोघांचा एकच.

---

शंकेखोर

मग जो ऐकूनच आलेला नाही त्याला या युक्तिवादातून काय मिळतं?

---

चौथी_ओसरी

याचं उत्तर व्यासभाष्यात त्याच सूत्रावर, पुढच्याच वाक्यात आहे आणि मला ते या सगळ्या चर्चेतलं सगळ्यांत समंजस वाक्य वाटतं. भाष्यकार म्हणतात, अनुमान सामान्यापाशी पोचलं की त्याचं बळ संपतं, विशेष सांगण्याची त्याची ताकद नाही. त्या सर्वज्ञाचं नाव वगैरे विशेष आगमातून, म्हणजे शास्त्रवचनातून, शोधावेत.

म्हणजे जो ऐकून आलेला नाही त्याला तर्कातून एवढं मिळतं : ज्ञानाला शिखर असू शकतं आणि असेल तर ते एकच जागा आहे. त्या जागेवर कोण बसलं आहे, त्याला विठ्ठल म्हणायचं की जिन, हे तर्क सांगत नाही आणि भाष्यकार तसा दावाही करत नाहीत. तेराव्या शतकातल्या ॲक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकाने ॲन्सेल्मचा युक्तिवाद नाकारला, पण ईश्वरसिद्धीच्या त्याच्या पाच मार्गांतला चौथा मार्ग कमी-अधिक चांगुलपणावरून पराकाष्ठेकडे जाणारा आहे, म्हणजे व्यासभाष्याचा सख्खा भाऊ. फरक असा की ॲक्वायनस शिखराला खालच्या सगळ्यांचं कारण मानतो, अग्नी जसा सगळ्या उष्ण गोष्टींचं. पतंजलींचा ईश्वर पुढच्याच सूत्रात गुरू म्हणून येतो : पूर्वेषामपि गुरुः कालेनानवच्छेदात्। (काळाची मर्यादा नसल्याने तो आधीच्यांचाही गुरू.) शिखर हे उत्पन्न करणारं की शिकवणारं, यावर मीमांसा_पुणे आणि इंद्रायणीकाठ यांनी लिहिलं तर वाचायला आवडेल. चौथ्या मार्गावर कुणाचा अभ्यास असेल तर त्यांनीही लिहावं.